चारसूच्या घड्याळातली थांबवलेली मिनिटं

१

सांगा बरं, भरवसा कुणावर ठेवाल? घड्याळावर, की त्याला किल्ली देणाऱ्यावर?

उत्तराची घाई नाही. पण चारसूच्या घड्याळाची किल्ली उद्यापासून तुमच्या कमरेला लागणार, पंचांनी तसं ठरवलंय आणि तुम्हीही मान डोलावलीत. तेव्हा तुमच्याआधी बारा वर्षं जो ती कमरेला बांधून फिरला, त्या आपल्या तुराब टोपीवाल्याची हकीकत एकदा ऐकून घ्या. त्यानं मला सांगितली तशीच सांगतो. तो टोपीच्या भावात खोटं बोलायचा, पण हे सांगताना घासाघीस करत नव्हता.

घड्याळ यायच्या आधी चारसूच्या, आपल्या चार वाटांवरच्या बाजाराच्या, घुमटाखाली सात सावकारांची सात खिशातली घड्याळं होती आणि आपल्या पाइरूद गावात रोज सात वेळा दिवस मावळायचा. दोन रुईवाले एकदा कुणाचं बरोबर यावरून हातघाईवर आले. खरबूजवाला म्हणाला, "भांडू नका, माझं गाढव ओरडलं की दोघंही दुकान बंद करा." त्या वर्षी पंचांनी वर्गणी काढली आणि रशियातल्या ओरेनबुर्गहून सहा पेट्यांतून, उंटांच्या पाठीवरून, हे घड्याळ आणलं. चारशे वर्षांच्या त्या घुमटाच्या खांद्यावर खोली बांधली, अठ्ठावीस पायऱ्यांचा गोल जिना काढला.

आपला दिवस सूर्य बुडाला की सुरू होतो. सूर्य बुडताना घड्याळात बारा वाजलेच पाहिजेत. पण सूर्य काही आपला नोकर नाही. हिवाळा सरला की तो रोज थोडा उशिरा बुडतो. मग रखवालदारानं लोलक धरून तेवढा वेळ घड्याळ थांबवायचं. उन्हाळा सरला की लवकर बुडतो. मग काटा ढकलायचा. वहीत दोनच रकाने, 'थांबवले' आणि 'ढकलले'. नवरोजपासून नवरोजपर्यंत दोन्हींची बेरीज सारखी.

सव्वीस वर्षं हे काम मुल्ला खोलिकांनी केलं. त्यांच्याही आधी, पहिलं वर्ष, पेट्यांबरोबर आलेला एक तातार कारागीर होता. त्याच्या हातच्या पानांवर 'थांबवले'चा रकाना भरलेला आहे आणि दुसरा कोरा. मग मध्येच अक्षर बदलतं. तो ओरेनबुर्गला परत गेला असं म्हणतात. जाताना त्याला कुणी पाहिलं नाही.

मुल्ला अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी तुराबला बोलावलं. त्याचं दुकान जिन्याच्या दाराला लागून, शिवाय खिशातली घड्याळं उघडून पाहायचा त्याला नाद.

"तीन गोष्टी," मुल्ला म्हणाले. "लोलक थांबलेला असताना जिन्यावर कुणी नको. वहीत जे केलंस तेच लिही. आणि घड्याळ पुढे पळायला लागलं, तर लोलकाच्या गोळ्याखालची चाकी फिरव, गोळा उतरव, घड्याळ मंदावेल. रोज थांबवून वेळ मारून नेऊ नकोस."

"का हो, मुल्ला?"

"मी सांगतोय म्हणून. टोप्या विकताना गिऱ्हाइकाला 'का' विचारतोस का?"

आठवडाभरात मुल्ला गेले.

२

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. वर्षातले सगळ्यांत लांब दिवस, जीभ टाळूला चिकटलेली, घुमटाखाली माणसं ओल्या गोणपाटावर पडून. या चार आठवड्यांत सूर्य जवळजवळ एकाच वेळी बुडतो. थांबवायचं नाही, ढकलायचं नाही. वहीत शून्य, शून्य. रखवालदाराची सुट्टीच म्हणा.

संध्याकाळी तुराब वर जायचा. पश्चिमेच्या फटीतून वाळवंटाच्या कडेला सूर्य बुडताना पाहायचा. घड्याळ बाराचे टोले द्यायचं, टोल्यांवर नगारा वाजायचा, नगाऱ्यावर सगळं पाइरूद रोजा सोडायचं. मग त्याचा धाकटा भाऊ बोल्ता चहाची किटली घेऊन जिना चढायचा. खेचरावरून पडून बोल्ताचा एक पाय आखडलेला. काठीचा 'ठक', मग पाय ओढल्याचा आवाज. वर पोचेपर्यंत थोरल्या भावाशी, त्याच्या अकाशी, बडबड सुरू.

"अका, अल्लानं तुम्हाला उंच केलं आणि मला लंगडा. त्यात चहा मीच आणायचा. न्याय बघा!"

"खाली बसून तू काय करतोस? सगळ्या बाजाराच्या चुगल्या."

"त्या वर आणून देतो, त्याची मजुरी कुठे देता?"

दुसऱ्या रोजाच्या संध्याकाळी सूर्य अजून दोन बोटं वर असताना तुराबनं काटा खिशातल्या घड्याळाशी ताडून पाहिला. घड्याळ एक मिनिट पुढे होतं.

आता उन्हानं लोखंड वाढतं, लोलक लांबतो, घड्याळ मागे पडतं. हे कुठल्याही घड्याळजीला कळतं. हे भर उन्हाळ्यात पुढे पळत होतं.

असं सोडलं असतं तर सूर्य असताना टोले पडले असते आणि गावाचा रोजा बुडाला असता, सगळ्यांचं पाप एकट्या तुराबच्या मानेवर. त्यानं चाकीला हात घातला. चाकी गंजून घट्ट. जोर लावावा तर लोलक जिला टांगलेला ती वरची पातळ पट्टी तुटायची भीती. ती तुटली की रमजानात, पहिल्याच वर्षी, घड्याळ बंद. तुराबनं लोलक धरला. खिशातल्या घड्याळावर एक मिनिट मोजलं.

खोली एकदम रिकामी वाटली. टिकटिक थांबल्यावर कळतं, ती किती जागा अडवून असते. आणि त्या शांततेत खाली, जिन्याच्या तळाशी, एक पाऊल वाजलं. एकच. अनवाणी, ओलसर, दगडावर ठेवलेलं.

लोलक सोडला. टोले पडले, नगारा झाला. थोड्या वेळानं 'ठक' करत बोल्ता आला.

"मघाशी जिन्यावर पाय ठेवून परत गेलास का रे?"

"मी?" बोल्ता हसला. "अका, मी पाय ठेवला की चार गल्ल्यांना कळतं. इफ्तारीचा गोड निशाल्दा घेत होतो मिठाईवाल्याच्या रांगेत. मेल्यानं अंड्याचा फेस कमी, हवाच जास्त भरलीय."

तुराबनं वही उघडली. 'थांबवले: एक' लिहायचं. पण या दिवसांत शून्य असतं, हे बाजाराच्या पंचांना पाठ होतं. एक लिहिलं की विचारणार, का? घड्याळ बिघडलं? आणि तू काय करतोयस?

त्यानं शून्य लिहिलं.

३

रोज एक मिनिट पुढे. रोज एक मिनिट थांबवायचं. रोज एक पाऊल.

पहिले काही दिवस तुराबनं स्वतःला समजावलं. जुना घुमट, उन्हानं विटा तडकतात, तडकलेली वीट पाऊल ठेवल्यासारखी वाजते. कबुतर असेल. भुकेल्या माणसाचे कान स्वतःशीच बोलतात. व्यापारी माणूस, त्याला पटेल असं कारण सापडलं की तो ते घेतो आणि पुढे बघतो.

सहाव्या दिवशी कारणं संपली. पाऊल पहिल्या पायरीवरून आलं नव्हतं. काल जिथे थांबलं, त्याच्या एक पायरी वरून आलं होतं. घड्याळ चालू असताना जिना रिकामा. तो स्वतः खालपर्यंत जाऊन, भिंतीला हात लावत पाहून आला. दगड कोरडे. पण लोलक धरला की ते जिथे होतं तिथून पुढे निघायचं. मिनिटाला एक पायरी. जणू त्याच्याकडे दुसरा वेळच नव्हता.

शुक्रवारी बाजाराचे म्होरके मुकीम अक्साकाल वर आले. धापा टाकत बसले, वहीच्या पानांवरून बोट फिरवलं. शून्य, शून्य, शून्य.

"शाबास, तुराब. मुल्लांच्या हातीही इतकं सरळ चाललं नव्हतं. पोरांना सांगत असतो मी, टोपीवाला म्हणून हसू नका."

सांगायची वेळ तीच होती. तुराबनं तोंड उघडलं.

"काय?" मुकीम म्हणाले.

"काही नाही, अक्साकाल. जिना जपून उतरा."

मग ते उतरताना, घड्याळ चालू आहे ना, म्हणून तो लोलकाकडे बघत राहिला.

४

एकविसाव्या दिवशी त्यानं मुल्लांच्या जुन्या वह्या काढल्या. सव्वीस वर्षांच्या सव्वीस. रकाने आरशासारखे. फक्त एका वर्षी, ऐन लांब दिवसांत, 'थांबवले'मध्ये एक मिनिट जास्त, आणि समासात बारीक अक्षरात: 'आज चूक झाली. पहिल्या पायरीवर आलं. उद्या एक ढकलून खाली.'

बस्स. दुसऱ्या दिवशी 'ढकलले: एक'. त्यानंतर एक शब्द नाही.

म्हणजे मुल्लांना माहीत होतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत एकशे साठ मिनिटं ते वर येतं, जिन्याच्या खालच्या दारापर्यंत. मग उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत एकशे साठ मिनिटं खाली. दोन रकाने सारखे, म्हणून जिना कोरा. त्या पहिल्या तातारानं फक्त थांबवलं होतं.

तुराब भिंतीला टेकून बसला. ढकललं तर ते खाली जाईल. पण रमजानात काटा पुढे ढकलला तर टोले लवकर पडणार. रोजा सुटल्यावर ढकललं, तर उद्या तेवढं जास्त थांबवायला लागणार. घेतलं तेवढं परत; हाती काही नाही. चाकी सोडवायची तर लोलक थांबवून, पाच-दहा मिनिटं खटपट करून. म्हणजे पाच-दहा पायऱ्या.

वर किती उरल्या होत्या? आठ. रोजे किती उरले होते? एकोणतिसाचा महिना धरला तर तेवढेच.

मुकीमकडे जाऊन सांगावं, नगारेवाल्याला म्हणा घड्याळाकडे नको, सूर्याकडे बघ? मग वीस शून्यांचं काय सांगायचं? ज्या हातानं खोटी वही लिहिली, त्या हाताच्या घड्याळावर गावानं वीस रोजे सोडले होते.

बोल्ता चहा घेऊन आला तेव्हा तुराब म्हणाला, "उद्यापासून वर येऊ नकोस."

"का? चहा गार असतो?"

"नको म्हटलं ना."

"अका, कुणी काही बोललं का माझ्याबद्दल?"

"तुझ्या त्या ठकठकीनं डोकं उठतं माझं!" तुराब ओरडला. "सांगितलं तेवढं ऐक."

बोल्तानं किटली खाली ठेवली. काठी शक्य तितकी हळू टेकवत तो उतरला. ते हळू टेकवणं तुराबला आयुष्यभर ऐकू येत राहिलं.

५

एकोणतिसावा रोजा. खाली ईदची गर्दी. चंद्र दिसेल म्हणून पोरं गच्च्यांवर चढलेली. काल सत्ताविसावी पायरी वाजली होती. आज अठ्ठाविसावी, म्हणजे उंबरा. तुराबनं दाराला आतून अडसर घातला, धान्याची गोणी लावली. एकच मिनिट. हे एक गेलं की रमजान संपला. उद्यापासून पळू दे घड्याळ हवं तसं.

सूर्याची कड वाळूला टेकली. त्यानं लोलक धरला.

पाऊल दारापाशी वाजलं. इतक्या जवळून की त्याच्या पायाखालच्या फळीला ते कळलं. मग काही नाही. दाराखालच्या फटीतून जिन्यातला तांबूस उजेड आत यायचा. त्यात दोन जागी अंधार झाला. दोन पावलांएवढा. दारावर हात पडला नाही, कडी वाजली नाही. ते नुसतं उभं होतं, वाट पाहणाऱ्या माणसासारखं.

आणि खालून हाक आली.

"अका!"

ठक.

"रागावलात तर रागावा. शेवटचा रोजा काही मी एकटा सोडणार नाही. हे बघा, पाय आणि काठी दोन्हींना कापड गुंडाळलंय, आवाज नाही होणार!"

तो हसत होता. ठक. कापडातून, मऊ. दुसरी पायरी.

तुराबनं हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. पंचवीस सेकंद बाकी. फटीतून बाहेर सूर्याची नखाएवढी कड अजून होती. लोलक सोडावा तर टोले पडतील, सूर्य असताना, सगळ्या गावाच्या तोंडात घास जाईल. त्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही.

ठक. तिसरी.

दाराखालचे दोन अंधार हलले. एक वळला, मग दुसरा. ते दाराकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून उभं राहिलं.

तुराबनं मोजलं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. तो म्हणाला, मी मोजलं. एक, दोन, तीन. गावाचा रोजा, गावाचा रोजा. दहापर्यंत मोजलं. मग हात सुटला.

टोले पडले. नगारा झाला. सूर्याची कड अजून वाळूवर होती. पंधरा सेकंद. गावाचा रोजाही वाचला नाही.

त्यानं गोणी ओढली, अडसर काढला. उंबरा रिकामा. जिना रिकामा. तिसऱ्या पायरीवर किटली नीट उभी, झाकण घातलेली, चहा ऊन. शेजारी भिंतीला कापड गुंडाळलेली काठी.

खाली टोपीवाले, नानवाले सगळे म्हणाले, बोल्ता आत जाताना पाहिला. बाहेर येताना कुणी नाही.

६

ईदच्या सकाळी तुराबनं लोलक न थांबवता, झोक्याच्या टोकाला, दोन बोटांनी चाकी धरली. लोण्यातून फिरावी तशी फिरली.

गोळा उतरला, घड्याळ मंदावलं आणि तो ढकलू लागला. पंचांसमोर जाऊन अठ्ठावीस शून्यांचं खरं सांगितलं. बाजारानं त्याला शिव्या दिल्या, एकानं टोप्यांची टोपली उलथली, पण किल्ली काढून घेतली नाही. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. त्या वर्षी त्यानं अठ्ठावीस जास्त ढकलले. वही जुळली.

हिवाळा फिरला तेव्हा त्याला पहिल्यांदा लोलक थांबवावा लागला. पाऊल ऐकू आलं, खूप खालून, जिथे जिना नाही तिथून. आणि त्याच्याही खालून, मागोमाग, कापडात गुंडाळल्यासारखं, मऊ: ठक.

काठी तर वर खोलीत, खुंटीला टांगलेली होती.

हिशेब सोपा होता आणि तोच त्याला खात होता. ते पुढे, बोल्ता मागे, मध्ये पंचवीस पायऱ्या. थांबवलं की दोघंही एकेक पायरी वर. ढकललं की दोघंही खाली. भावाला दारापर्यंत आणायचं तर त्याच्या आधी त्याला दार उघडायचं. दर उन्हाळ्यात ते जिन्याच्या तळापर्यंत यायचं, तुराब लोलकावर हात ठेवून उभा राहायचा आणि मग काटा ढकलायला लागायचा. म्हणजे स्वतःच्या हातानं भावाला खाली लोटायचा. अकरा वर्षं. "टोप्या विकताना हे काही शिकवत नाहीत," एवढंच म्हणायचा.

या उन्हाळ्यात, लांब दिवसाच्या संध्याकाळी, सूर्य बुडाला आणि टोले पडले नाहीत. आम्ही सगळे चारसूखाली माना वर करून उभे. चांदण्या उगवल्या तेव्हा घड्याळानं बारा वाजवले. सूर्याच्या त्रेपन्न मिनिटं मागे. जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या आणि बोल्ता मागे होता त्या पंचवीस मिळून किती होतात, ते तुम्हाला सांगायला नको.

मी आणि मुकीम वर गेलो. दार सताड उघडं, आत तुराब नाही. गोणी नाही, अडसर नाही; आतून काढून भिंतीशी नीट ठेवलेला. लोलक झुलत होता. तो कुणी सोडला, मला माहीत नाही. खुंटीवर काठी नव्हती. चटईवर किटली आणि तीन पियाले. दोन रिकामे, तळाला पानं चिकटलेली. तिसरा काठोकाठ भरलेला. आपल्याकडे काठोकाठ चहा कुणाला देतात ते तुम्ही जाणता: ज्यानं आता उठावं असं वाटतं, त्याला. तो पियाला कुणी उचललाच नव्हता.

वहीत तुराबच्या हातचं होतं: 'थांबवले: त्रेपन्न.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार.

तेव्हा एवढं माझं ऐका. उद्या वर गेलात की आधी 'ढकलले'मध्ये त्रेपन्न करा. कुणाला खाली पाठवताय याचा विचार करत बसू नका. मग रोज जितकं थांबवाल तितकंच लिहा. जास्त थांबवलंत, तर जास्त लिहा. आणि मागून कुणी ओळखीच्या आवाजात चहाला बोलावलं म्हणून थांबवलंत, तर तेही लिहा, लाज न धरता. पंचांच्या वतीनं मी दर शुक्रवारी वही वाचायला येईन, पण जिन्याच्या खालीच उभा राहीन. तुम्ही ती खाली आणून द्या. फक्त हिशेब खरा ठेवा.